पाठमोरी माणसं

सर, मी पुन्हा पेन्सिल धरली, एवढंच खरं तर तुम्हाला कळवायचं होतं. कामावर मी रोजच रेषा काढतो, पण त्या पडद्यावर, माऊसने. गाडीच्या दाराची बिजागरी, आसनाखालची पट्टी, असलं काहीतरी. त्याला तुम्ही चित्र म्हटलं नसतंत. मी म्हणतोय ती लाकडी पेन्सिल, जिला तुम्ही ब्लेडने लांब टोक काढून द्यायचात आणि कुणी गिरमिट आणलं तर ते खिडकीतून बाहेर टाकायचात. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी ती मी हातात घेतली, जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, एका पॅलेस्टिनी म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून. हे कसं झालं ते सांगतो. सावकाश सांगतो, कारण घाईने सांगितलेलं तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत.

आमच्या इमारतीत मोजकी बिऱ्हाडं आहेत. या भागात एक रीत आहे, केअरवोखे म्हणतात तिला. जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घराकडे येते, आणि ज्याची पाळी येणार त्याच्या दारावर आधीच्या घरातला माणूस एक लाकडी पाटी अडकवून जातो. आम्ही नवीन आलो तेव्हा ती पाटी घेऊन खालच्या मजल्यावरचे एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ आले. मोटारीच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढून निवृत्त झालेले. पाटी माझ्या हातात देऊन म्हणाले (हेर म्हणजे इकडचं श्रीयुत), "हेर इंजिनिअर, पासपोर्ट मिळायला वेळ लागेल. झाडू आजच मिळतोय." तेव्हापासून ओळख. माझी बायको त्यांना खालचे काका म्हणते, म्हणून मीही मनात तसंच म्हणतो. आम्ही बोलतो जर्मनमध्ये, दोघांचीही दुसऱ्याची भाषा, त्यामुळे कुणाला कुणाची लाज वाटत नाही. त्यांची बायको गेली आहे. नात कार्ल्सरूहेला चित्रकला शिकली, तिथेच राहते, आणि रविवारी आजोबांकडे येते.

"ती कॉमिक्स काढते," असं काका पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं, लहान मुलांसाठी ससे, सिंह वगैरे असतील. मग एका रविवारी त्यांच्या टेबलावर तिची पानं पाहिली. काळ्या शाईत काढलेल्या चौकटी. एका चौकटीत छावणीतली अरुंद गल्ली आणि वर विजेच्या तारांचा गुंता, दुसरीत गादीवर बसून चहा ओतणारी म्हातारी, तिसरीत तीच म्हातारी मुलगी असताना, डोक्यावर बोचकं घेऊन. ही मुलगी लेबनॉनला, जॉर्डनला जाते, लोकांच्या घरी जाऊन बसते, विचारते, ऐकते, आणि बातमीदार जे लिहून काढतो ते ती चित्रांत काढते. प्रत्येक पानावर कुठेतरी कोपऱ्यात तीही असते, चष्मा घातलेली, केस विस्कटलेले. मला तुमची ती चौकट आठवली, सर. लग्नपत्रिकेच्या जाड कागदात ब्लेडने कापलेली, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलेली. ती डोळ्यासमोर धरायची आणि तिच्यात मावेल तेवढंच काढायचं. माझ्याकडे ती बरीच वर्षं होती. पुण्यातल्या कुठल्यातरी खोलीत राहून गेली.

मी नातीला विचारलं, "कॅमेरा असताना चित्र कशाला? चित्रावर लोक विश्वास कसा ठेवतील?" तिला या प्रश्नाची सवय असावी. म्हणाली, "आजोबांचं गाव सुटलं तेव्हा त्यांच्या घरात कॅमेरा नव्हता. आणि आता कॅमेरा समोर धरला की माणसं एक तर रडतात नाहीतर मुठी आवळतात. मी तास-दोन तास चित्र काढत बसले की कंटाळतात, आणि मग नीट बोलायला लागतात." मग तिने एक पान दाखवलं. काकांची मोठी बहीण जॉर्डनमधल्या छावणीत राहते, ती सांगते की गावात एकच विहीर होती. काका म्हणतात दोन. नातीने एका चौकटीत एक विहीर काढली होती, शेजारच्या चौकटीत दोन, आणि खाली कोण म्हणालं ते लिहिलं होतं. "पण खरं काय?" मी विचारलं. "मी तिथे नव्हते," ती म्हणाली. "मी नव्हते, हेसुद्धा पानावर दिसलं पाहिजे. म्हणून मी कोपऱ्यात असते." काका चहाच्या पेल्यात पुदिना चुरडत होते. म्हणाले, "दोन विहिरी होत्या. माझ्या बहिणीला पाणी भरायला लागायचं, म्हणून तिला एकच आठवते, लांबची."

गाव अठ्ठेचाळीसच्या लढाईत रिकामं झालं. पुढे घरं पाडली. आता तिथे पाइनची झाडं आहेत आणि जुन्या कुंपणांचे निवडुंग. काका तेव्हा सहा वर्षांचे होते. नात या पानांचं पुस्तक करत होती, त्यातला शेवटचा भाग त्यांचा होता, आणि त्यांनी तो एका अटीवर कबूल केला होता, की पान छापायच्या आधी त्यांनी स्वतः पाहून हो म्हटलं पाहिजे. अडचण त्यांच्या डोळ्यांची होती. साखरेने डोळे खाल्ले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत जेवढं पाहायचं तेवढं पाहून घ्या. दर रविवारी नात त्यांच्या गावातल्या घराचं नवं चित्र आणायची, काका दिव्याखाली भिंग धरून वाकायचे, आणि बऱ्याच वेळाने भिंग खाली ठेवायचे.

"हे नाही."

"काय चुकलं ते सांगा ना, आजोबा. दार? कमान?"

"दार बरोबर आहे. कमानही बरोबर आहे. हे कुणाचं तरी घर आहे. माझं नाही."

ती पान गुंडाळायची. एकदा जिन्यात मला भेटली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "मी चुकीचं काढतेय, आणि बरोबर काय ते सांगायला माझ्याकडे एकच माणूस आहे. तोही उन्हाळ्यानंतर पाहू शकणार नाही."

तो हिवाळा तुम्हाला सांगितला पाहिजे. गाझावर बॉम्ब पडत होते. संध्याकाळी बातम्यांमध्ये धूर दिसायचा आणि धावणारी माणसं, मुलांना छातीशी धरून. काका टीव्हीकडे पाठ करून बसायचे आणि नुसता आवाज ऐकायचे. ऑफिसातल्या कान्टीनमध्ये मी एकदा विषय काढला, तर माझ्या शेजारचा सहकारी, चांगला माणूस, माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी स्वतः माझ्याबरोबर आला होता, तो ताटाकडे पाहत म्हणाला, "श्वीरिश." कठीण आहे. मी त्याला दोष देत नाही. यांच्या आजोबा-पणजोबांच्या हातून ज्यूंचं काय झालं ते हे लोक विसरू इच्छित नाहीत, आणि म्हणून या बाबतीत शब्द जपून वापरतात. पण मग खालच्या मजल्यावर पाठ करून बसलेल्या माणसाचं काय करायचं, ते मला कान्टीनमध्ये कुणी सांगितलं नाही. मी रोज सकाळी दिवा लावताना आपल्या देवीला त्यांच्यासाठी काही मागावं म्हणायचो, पण नेमकं काय मागायचं ते सुचायचं नाही.

मदत म्हणून मी जे केलं ते ऐकून तुम्ही हसाल. मी इंजिनिअरसारखा त्यांच्याकडे बसलो आणि मापं विचारली. अंगणात किती पावलं, भिंत किती जाड, पायऱ्या किती. घरी येऊन संगणकावर त्या घराचा आराखडा काढला. वरून, समोरून, बाजूने, बाण आणि आकड्यांसकट. छापून नेला. काकांनी तो भिंगाखाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिला. "गेनाऊ," म्हणाले, म्हणजे अगदी अचूक. "फार छान. मोटार कुठे ठेवायची ते तेवढं दाखवा." नात खूप दिवसांनी हसली. मीही हसलो, पण वर आल्यावर बायकोला म्हटलं, माझ्याकडून काही होण्यासारखं नाही हे. ती म्हणाली, "अहो, काही होण्यासारखं नसेल तर निदान जिना झाडा. पाटी दोन दिवस झाले लटकतेय."

तर मी जिना पुसत होतो. इथले लोक लांब दांड्याच्या फडक्याने उभ्याने पुसतात. मी आपला उकिडवा बसून, आपल्याकडच्यासारखा. काकांच्या दारापाशी आलो आणि सहज मान वर केली. रोजचं दार, पण केवढं तरी उंच दिसलं. कुलपाचं भोक माझ्या कपाळाच्या वर. नावाची पाटी वाचताही येईना. आणि सर, तिथे फडकं हातात धरून मला तुमचा आवाज आला, "तू काय घार आहेस का?"

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, इतकी मुलं शिकवलीत. शाळेच्या मागची खोली, लेझमीचा ढीग आणि फाटक्या जाळ्या एका बाजूला सारून तुम्ही केलेला चित्रकलेचा वर्ग. रंगाच्या पाण्यासाठी करवंट्या. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी स्मरणचित्राचा सराव चालू आहे आणि मी गावच्या जत्रेचं चित्र काढून आणलंय. मधोमध देऊळ, दोन्हीकडे दुकानांच्या ओळी, आकाशपाळणा, नदीपलीकडे सोडलेल्या बैलगाड्या. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकात असंच असायचं, आणि सगळी मुलं तेच पाठ करून काढायची. तुम्ही चित्र लांब धरता. "कुठून पाहिलंस हे?" जत्रेतून, सर. "जत्रेत तू कुठे होतास?" आजीबरोबर, दर्शनाच्या रांगेत. "रांगेतून कळस, पाळणा आणि नदीपलीकडच्या गाड्या एकदम दिसल्या? तू काय घार आहेस का?" वर्ग हसला. पुढचं वर्षभर मला घार म्हणायचे. पण त्याच वर्षी जत्रेत तुम्ही मला गर्दीतून शोधून काढलंत, लग्नपत्रिकेची ती चौकट हातात दिलीत आणि म्हणालात, इथेच उभा राहा आणि सांग काय दिसतं. मी चौकट डोळ्याला लावली. "पाठी, सर." आणखी? "धोतराचे सोगे. एका बाईच्या लुगड्याचा उसवलेला काठ. एकाच्या हातात उलटी धरलेली कोंबडी." तुम्ही म्हणालात, "मग तेवढंच काढ. आधी उभा कुठे होतास ते ठरव, मग पेन्सिल टेकव. देवी दिसत नाही ना? मग देवी काढू नकोस." मला ते फार लागलं होतं. जत्रेच्या चित्रात देवी नाही म्हणजे काय? घरी आजीला चित्र दाखवलं. तिने विचारलं, देवी कुठाय रे? मी म्हटलं, या माणसांच्या पुढे आहे. आजीने त्या पाठींना हात लावून नमस्कार केला.

मी ओला हात पँटला पुसून काकांची घंटी वाजवली. नात आलेलीच होती. मी काकांना विचारलं, "गाव सुटलं तेव्हा तुम्ही केवढे होतात? वय नाही विचारत. उंची." त्यांनी हात पुढे करून आपल्या पट्ट्याशी नेला, मग जरा खाली आणला. नात माझ्याकडे पाहत राहिली. तिने आपलं पान उघडलं, त्यातलं दार, कमान, अंगण पाहिलं. सगळं एका उभ्या, मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून काढलेलं होतं. खुर्ची बाजूला सारून ती सरळ फरशीवर बसली. मग मीही बसलो. काकांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते चपला घालायच्या बुटक्या स्टुलावर बसले, आणि आम्ही तिघं त्या स्वयंपाकघरात टेबलाच्या खालची बाजू बघत बसलो.

"आता काय दिसतं, आजोबा?"

काकांनी टेबलाच्या पायावरून हात फिरवला. मग ज्या घरासाठी इतके रविवार गेले त्या घराबद्दल ते बोललेच नाहीत. रस्त्याबद्दल बोलले. "सगळे पुढे चालले होते," ते म्हणाले. "मला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. पाठी दिसत होत्या." नातीच्या हातातली पेन्सिल थांबली होती. तिने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "क्षितिजाची रेषा कुठे येईल तेवढी दाखवा." मी रेषा ओढली, कागदाच्या तळापासून थोडी वर, माणसांच्या कमरेशी. मग पुढचं सगळं तिने काढलं आणि काका सांगत गेले. एका माणसाच्या पाठीवर गुंडाळलेली गादी. एका म्हाताऱ्याच्या टाचा. आणि अगदी समोर त्यांची आई, जिचा झगा मुठीत धरून ते मान खाली घालून चालत होते. तिकडच्या बायकांच्या झग्याला मागच्या बाजूला, घोट्यांच्या वर, भरतकामाचा रुंद पट्टा असतो. काळ्या कापडावर लाल दोऱ्याची सुरूची झाडं, एका ओळीत, सांगताना त्यांचं बोट हवेत टाके घालत होतं. "आणि इथे, डावीकडे, एक झाड नारिंगी. ते लाल नव्हतं. मी सबंध रस्ताभर ते एकच झाड पाहत होतो."

पुढच्या रविवारी ती शाईने पूर्ण केलेलं पान घेऊन आली. मीही खाली गेलो होतो. सबंध पानभर एकच चौकट, आणि तिच्यात नुसत्या पाठी. काकांनी भिंग धरलं. या वेळी ते खाली ठेवलं नाही. भिंग माणसांवरून सरकत गेलं आणि त्या काठाशी थांबलं. "ही," ते म्हणाले. मग बोट ठेवून पुन्हा, "ही माझी आई." छावणीतल्या पहिल्याच हिवाळ्यात ती गेली होती. तिचा एकही फोटो नाही. काही वेळाने ते नातीला म्हणाले, "मला भीती होती की घर झालं की तू तिचं तोंड विचारशील. ते मला आठवत नाही. बहीण म्हणते, तू तिच्यासारखाच दिसतोस. पण आरशात बघून आई कशी काढायची?"

नात बातमीदार आहे. तिने तिथूनच जॉर्डनला आत्याआजींना फोन लावला आणि आवाज मोठा केला. झग्याच्या काठाला कसली नक्षी होती, एवढंच विचारलं, बाकी काही सांगितलं नाही. सुरूची झाडं, पलीकडून उत्तर आलं. सगळी लाल? बोलणं अरबीत चाललं होतं, नात मला हळू आवाजात जर्मनमध्ये सांगत होती. मग म्हातारी म्हणाली, "एक नारिंगी होतं. ते मी भरलं होतं. लाल दोरा संपला होता. आई रागावली होती माझ्यावर." काका दोन्ही हातांत तोंड धरून बसले होते, आणि पलीकडून ती विचारत होती, "विहिरींचं विचारलंस का त्याला? अजून दोनच म्हणतो का?" पानाखाली आता एक ओळ आहे, "असं भाऊ आणि बहीण दोघंही म्हणाले." विहिरींच्या पानाखाली मात्र दोघांचं वेगवेगळंच आहे.

उन्हाळा आला आणि गेला. काकांना आता उजेड तेवढा कळतो. पाटी ते चाचपडत आमच्या दारावर अडकवतात, बऱ्याचदा उलटी, आणि वर म्हणतात, "हेर इंजिनिअर, सरळ करून घ्या, तुमचं शिक्षण झालंय." नातीने घराचं चित्र शेवटी काढलंच नाही. काकांनीही पुन्हा मागितलं नाही. छापलेलं पुस्तक त्यांच्या उशाशी असतं. ते पान कोणतं हे त्यांना बोटांनी कळतं, कारण नातीने त्याचा कोपरा दुमडून ठेवलाय.

गेल्या रविवारी सकाळी पूजा झाल्यावर मी पाटावरच कागद घेतला. मलाही तुमचा फोटो कुठे मिळालेला नाही, सर. शाळेच्या फोटोत तुम्ही नाही, कारण मुलांना ओळीत उभं करत तुम्ही फोटोवाल्याच्या बाजूला राहिलात. चेहरा आठवायला बसलो तर आवाज येतो, बोटांवरचा रंग येतो, चेहरा येत नाही. मग मी कुठे उभा होतो ते आधी ठरवलं. पुण्याला निघालो तो दिवस. तुम्ही शिडीवर चढून शाळेच्या भिंतीवर अक्षरं रंगवत आहात. मी खाली, हातात ट्रंक. "येतो, सर." तुम्ही न वळता म्हणता, "ये. रेषा अर्धी सोडून वळता येत नाही." त्यानंतर तुम्ही गेल्याचं पोस्टकार्डच आलं. तेवढंच काढलं मी. शिडी, धोतर, सदऱ्यावरचा घामाचा डाग, वर उचललेला हात. चित्र देव्हाऱ्यात देवीच्या शेजारी टेकवून ठेवलंय. आमच्या गावच्या देवीला तरी कुठे चेहरा आहे, शेंदूर लावलेला गोल दगड, तांदळाच तो. बायकोने विचारलं, "कोण हो हे?" मी सांगितलं, आमचे सर. तिने पदर सावरून हात जोडले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. त्या दिवशी तुम्ही वळला नव्हतात. चित्रात मात्र मी तुमची मान जराशी वळवली आहे, कान आणि गालाची कड दिसेल इतपतच. मग राहवेना, म्हणून खाली बारीक अक्षरांत लिहिलं, एवढं पाहिलेलं नाही.